विश्लेषण : क्रूझ मुंबईत थांबते, मग पर्यटक जव्हार-मोखाड्यापर्यंत का पोहोचत नाहीत?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढावी, त्यातून रोजगार मिळावा, असे सरकारचे धोरण आहे. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांत धबधबे, राजवाडा, वारली चित्रकला आणि बोहाड्यासारखा उत्सव असा पर्यटनाचा मोठा ठेवा आहे. तरीही मुंबईत उतरलेला क्रूझ प्रवासी तिथे फिरकत नाही. यामागे घड्याळ, रस्ता आणि ऋतू अशी तीन कारणे आहेत. मात्र खरा प्रश्न त्याहून वेगळा आहे. पर्यटक आला तरी त्याचा पैसा पाड्यापर्यंत पोहोचेल का, हा तो प्रश्न.

मुंबई बंदरात नेमके काय बदलले?

मुंबईला क्रूझ नवीन नाही. जगप्रवासाला निघालेली मोठी जहाजे अनेक वर्षे हिवाळ्यात मुंबईला येत आहेत. २०१६ च्या अखेरीस कोस्टा या इटालियन कंपनीने मुंबई ते मालदीव अशी सेवा सुरू केली. २०२१ मध्ये कॉर्डेलियाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि गोवा, कोची, लक्षद्वीप या सफरी मध्यमवर्गीय भारतीयांच्या परिचयाच्या झाल्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. सुमारे ४ लाख १५ हजार चौरस फुटांच्या या इमारतीत वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय होऊ शकते, एका वेळी पाच जहाजे हाताळता येतात आणि तपासणीसाठी ७२ काउंटर आहेत. परदेशी प्रवाशांना ई-व्हिसावर उतरण्याची मुभा असलेल्या देशातील मोजक्या बंदरांत मुंबईचा समावेश आहे.

थोडक्यात, प्रवाशाला जहाजातून उतरवून रस्त्यापर्यंत आणण्याची व्यवस्था बऱ्यापैकी सुधारली आहे. तिथून पुढे तो कुठे जातो, हे मात्र टर्मिनलच्या हातात नाही.

क्रूझचा ‘थांबा’ म्हणजे काय?

क्रूझच्या दृष्टीने बंदरे दोन प्रकारची असतात. जिथून प्रवासी जहाजावर चढतात आणि सफर संपल्यावर उतरतात ते मूळ बंदर. वाटेत जिथे जहाज काही तासांसाठी लागते ते थांब्याचे बंदर. मुंबई ही दोन्ही कामे करते. गोव्याला जाणाऱ्या भारतीय प्रवाशांसाठी ती मूळ बंदर आहे, तर दुबई, कोलंबो, सिंगापूर अशा मार्गावरील परदेशी जहाजांसाठी ती बहुतेक वेळा एका दिवसाचा थांबा असते.

थांब्याच्या बंदरात सगळे काही घड्याळावर चालते. जहाज साधारणपणे सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी जहाजावर परतावे, असा दंडक असतो. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीची बस वाहतूक कोंडीत अडकली, तर जहाज सहसा थांबते. स्वतःची टॅक्सी करून फिरायला गेलेला प्रवासी उशिरा आला, तर त्याच्यासाठी थांबत नाही. मग त्याला स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावे लागते. म्हणूनच अनोळखी देशात बहुतेक प्रवासी जहाजावरच विकली जाणारी सहल घेतात. या व्यवसायात तिला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात.

या सहली जहाज कंपनी स्वतः चालवत नाही. स्थानिक सहल कंपनी बस, गाइड, जेवण आणि प्रवेश तिकिटे पुरवते. जहाज कंपनी त्यावर आपला वाटा चढवून सहल विकते. प्रवाशाने मोजलेल्या रकमेतून आधी जहाज कंपनी, मग सहल कंपनी, मग बसमालक आणि गाइड असा एकेक हिस्सा निघत जातो. दुपारचे जेवण आणि रात्रीचा मुक्काम जहाजाच्या भाड्यात आधीच धरलेला असतो. त्यामुळे हॉटेलच्या वाट्याला फारसे काही येत नाही. उरते ती किरकोळ खरेदी.

मुंबईतल्या एका दिवसात प्रवासी काय पाहतात?

बॅलार्ड पिअरचे एक मोठे भाग्य आहे. बंदराबाहेर पडताच शहर सुरू होते. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत, ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही ठिकाणे काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, क्रॉफर्ड मार्केट आणि डबेवाले हे ठरलेल्या सहलींचे नेहमीचे भाग. गेटवेपासून बोटीने तासाभरात घारापुरी गाठता येते. सोमवारी तिथली लेणी बंद असतात. त्यामुळे सोमवारी लागणाऱ्या जहाजाची सहल बदलावी लागते.

आठ तासांत शहराचा दक्षिण भाग पाहून होतो, तोही घाईने. काही जहाजे मुंबईत एक-दोन रात्री मुक्काम करतात. अशा वेळी हौशी प्रवाशांना विमानाने आग्र्याला नेऊन ताजमहाल दाखवला जातो. काही जण तिकडूनच गोवा किंवा कोची गाठून पुन्हा जहाजावर चढतात. म्हणजे हजार किलोमीटरवरचा ताजमहाल क्रूझच्या नकाशावर आहे, दीडशे किलोमीटरवरचे जव्हार नाही.

जव्हार-मोखाड्यात पाहण्यासारखे काय आहे?

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला, अशी परंपरा सांगते. सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज इथल्या माळावर थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच अर्पण केला, म्हणून त्या जागेला शिरपामाळ नाव पडले, अशी आख्यायिका आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. जयविलास राजवाडा आजही गावाची ओळख आहे. जव्हारची नगर परिषद १९१८ पासूनची. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने या गावाला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणण्याची पद्धत आहे.

दाभोसा आणि काळमांडवी हे धबधबे, सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट ही जव्हारची ठिकाणे. जव्हारहून सुमारे २५ किलोमीटरवर मोखाडा. तिथे सूर्यमाळचा थंड पठारी भाग आणि खोडाळ्याजवळचे देवबांध आहे. पण या भागाची खरी श्रीमंती ठिकाणांत नाही, माणसांत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांत सुमारे नऊ आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे समाज इथे राहतात. तारपा, कांबडनाच, देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर चालणारा बोहाडा आणि नागली-वरईचे जेवण हे सारे इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे शक्य आहे का?

कागदावर हिशेब करून पाहता येतो. समजा, जहाज सकाळी ७ वाजता लागले आणि संध्याकाळी ६ वाजता निघणार आहे. तपासणी आटोपून प्रवासी साडेआठला बसमध्ये बसतील. परत जहाजावर पाच वाजेपर्यंत यावे लागेल. हातात उरले साडेआठ तास.

दक्षिण मुंबईतून पश्चिम द्रुतगती मार्ग, घोडबंदरचा नाका, मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोर आणि तिथून विक्रमगडमार्गे जव्हार हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असला तरी बसला चार तासांच्या आसपास लागतात. जाऊन-येऊन आठ तास. जव्हारला पोहोचल्यावर उरतो तो अर्धा तास. त्यात राजवाडा बाहेरून पाहून होईल आणि एक चहा होईल. मोखाड्याचा विचारही करता येणार नाही. घोडबंदर किंवा वसईजवळ कोंडी झाली, तर तो अर्धा तासही जातो.

रेल्वेचा पर्याय नाही. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. डहाणू किंवा इगतपुरीला उतरून पुन्हा घाटरस्त्याने साठ-एक किलोमीटर जावे लागते.

मग पॅरिस, रोमला प्रवासी कसे जातात?

अंतर हेच एकमेव कारण असते, तर जगातील अनेक प्रसिद्ध सहली झाल्याच नसत्या. फ्रान्सच्या ले हाव्र बंदरातून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर आहे. तरी जहाजावरचे प्रवासी दिवसभरात पॅरिस पाहून येतात. इटलीतील चिविताव्हेकिया बंदरातून रोम सुमारे ८० किलोमीटर, थायलंडमधील लाएम चाबांगहून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इजिप्तमध्ये सफागा बंदरातून वाळवंट ओलांडून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या लक्सरला बस जातात.

या सगळ्या ठिकाणी तीन गोष्टी समान आहेत. पहिली, जहाज तिथे जास्त वेळ थांबते. कारण पुढचे आकर्षण मोठे आहे हे कंपनीला ठाऊक असते. दुसरी, प्रवासाला किती वेळ लागेल याची खात्री देता येते. कंपनीला अंतराची भीती नसते, अनिश्चिततेची असते. तिसरी, त्या ठिकाणाचे नाव प्रवाशाने घर सोडण्यापूर्वीच ऐकलेले असते. जव्हारकडे सध्या या तिन्ही गोष्टी नाहीत. जहाजांच्या वेळापत्रकात मुंबईचा थांबा अनेकदा दोन वर्षे आधी ठरतो. त्यात चार तास वाढवून घेण्याइतके जव्हारचे नाव अजून झालेले नाही.

ऋतूंचे गणित का जुळत नाही?

रस्ता सुधारता येतो, ऋतू बदलता येत नाही. मुंबईत परदेशी जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल-मे असा असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्याने जहाजे इकडे येत नाहीत. भारतातून चालणाऱ्या क्रूझही पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला फेऱ्या करतात.

जव्हार-मोखाड्याचे रूप मात्र नेमके त्याच चार महिन्यांत खुलते. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या भागात जून ते सप्टेंबर धबधबे कोसळतात, भातखाचरे हिरवी होतात. धोकाही त्याच काळात असतो आणि बुडण्याच्या घटनांमुळे प्रशासन अनेकदा धबधब्यांवर मनाई आदेश काढते. जानेवारीनंतर बरेच धबधबे आटतात, डोंगर करडे होतात. पहिले जहाज लागते तेव्हा जव्हारचा हंगाम ओसरलेला असतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळी आहे. भाताची कापणी आणि दिवाळी झाली की या तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाणे, पालघर परिसरातील वीटभट्ट्या, बांधकामे, रेतीची कामे हे त्यांचे ठिकाण. मुलांची शाळाही अनेकदा त्याच वेळी सुटते. होळीला माणसे गावी येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे क्रूझचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे. पाहुणा येण्याच्या वेळी यजमानाच्या घराला कडी लागलेली असते. बंदरातून पर्यटक आणायचे असतील, तर त्यांचे स्वागत करायला गावात कोण असेल, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. उलट बाजूने पाहिले तर, हिवाळ्यातील पर्यटनाने गावातच काम दिले तर काही कुटुंबांचे स्थलांतर टळू शकते. पर्यटनाचे यश याच मोजपट्टीवर तपासायला हवे.

एक अपवाद आहे तो बोहाड्याचा. होळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यात वेगवेगळ्या गावांत भरणारा हा उत्सव क्रूझ हंगामाच्या अखेरीला येतो आणि त्या वेळी गावकरी गावात असतात. पण बोहाडा रात्री रंगतो, आणि संध्याकाळी जहाजावर परतणाऱ्या प्रवाशाला रात्र उपलब्ध नसते.

वारली चित्र जहाजापर्यंत पोहोचते, पैसा कुणापर्यंत?

प्रवासी जव्हारला येत नसला, तरी जव्हार-डहाणूची एक गोष्ट त्याच्या पिशवीत जाते. ती म्हणजे वारली चित्र. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे मूळचे सवाशिणींचे काम. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज पालघर जिल्ह्यात अनेक पाड्यांवर घरटी चित्रकार सापडतात.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मानांकनाचा लाभ आपोआप होत नाही. त्यासाठी कलाकाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि नक्कल करणाऱ्यावर कारवाई करावी लागते. मुंबईच्या पदपथांवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांत मग, पिशव्या, टी-शर्ट यांवर छापलेल्या वारली आकृत्या सर्रास मिळतात. त्या यंत्राने छापलेल्या असतात आणि त्यांचा एकही रुपया पाड्यावर जात नाही. घाईत असलेल्या पर्यटकाला हाताने काढलेले चित्र आणि छापील नक्कल यांतील फरक कळत नाही, आणि कुणी तो सांगतही नाही.

इथे टर्मिनलचा उपयोग होऊ शकतो. रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेतून स्थानकांवर स्थानिक कारागिरांना जागा दिल्या. तसाच कायमचा, कमी भाड्याचा गाळा क्रूझ टर्मिनलमध्ये नोंदणीकृत आदिवासी कलाकारांना आलटून-पालटून दिला, तर मधल्या साखळीचे चार हात कमी होतील. प्रवाशासमोर चित्र काढून त्यावर सही करून विकणारा कलाकार हा नकलेवरचा सर्वांत सोपा उपाय आहे. प्रवाशाला जव्हारपर्यंत नेण्यासाठी चार तास लागतात. चित्रांची वळकटी घेऊन कलाकार आदल्या दिवशी एसटीने मुंबईत येऊ शकतो.

मोगऱ्याचे उदाहरण याच मार्गाचे आहे. जव्हार, विक्रमगड, मोखाडा भागातील अनेक आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला. कळ्या पहाटे खुडून दादरच्या फुलबाजारात पाठवल्या जातात. पर्यटक गावात आला नाही, पण गावाचा माल शहरात गेला आणि काही घरांचे स्थलांतर थांबले.

पाण्याचा मुद्दा पर्यटनाशी कसा जोडला आहे?

मुंबईत उतरलेला पर्यटक मोखाड्याचे नाव ऐकत नसला, तरी मोखाड्याचे पाणी वापरतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ आहे. २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. या धरणातून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते, म्हणजे शहराच्या रोजच्या पुरवठ्याच्या दहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक.

त्याच मोखाड्यात दरवर्षी फेब्रुवारी-मार्चपासून पाडे तहानलेले असतात. विहिरी तळ गाठतात, टँकर सुरू होतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन दऱ्या उतरतात. भरपूर पाऊस पडतो, पण उताराच्या कातळावरून तो वाहून जातो. धरण खोऱ्याच्या तळाशी आहे आणि पाडे माथ्यावर. पाणी वर चढवायला लागणारी योजना आणि वीज अनेक ठिकाणी नाही.

पर्यटनाचे नियोजन करताना ही वस्तुस्थिती बाजूला ठेवता येत नाही. डिसेंबर ते मे या काळात पर्यटक वाढवायचे म्हणजे ऐन टंचाईत पाण्याची मागणी वाढवायची. पोहण्याचे तलाव आणि हिरवळ असलेली रिसॉर्ट उभी राहिली, तर त्यांची विंधन विहीर शेजारच्या पाड्याचे पाणी ओढणार. पावसाचे पाणी साठवणे आणि माथ्यावरच्या पाड्यांची नळयोजना हे या भागात पर्यटन आराखड्याचे पहिले पान असायला हवे.

वाढवण बंदर झाल्यावर चित्र बदलेल का?

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. सुमारे ७६ हजार २२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. मच्छीमार आणि स्थानिकांचा त्याला अनेक वर्षे विरोध आहे. जव्हारपासून डहाणूचा किनारा मुंबईच्या तुलनेत खूपच जवळ, दोन तासांच्या आत. त्यामुळे तिथे प्रवासी जहाजे लागली तर जव्हारचे भाग्य उजळेल, अशी चर्चा अधूनमधून होते.

मंजूर आराखडा मात्र मालवाहतुकीचा आहे. त्यात प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, बहुउद्देशीय धक्के, द्रवरूप मालाचे धक्के, वाहने चढवण्या-उतरवण्याचा एक रो-रो धक्का आणि तटरक्षक दलासाठी एक धक्का आहे. क्रूझसाठी स्वतंत्र धक्का नाही. त्यामुळे वाढवणकडे पर्यटनाच्या आशेने पाहण्यात सध्या तरी अर्थ नाही.

रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. वाढवण बंदर समृद्धी महामार्गाला जोडण्यासाठी तवा ते भरवीर अशा सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतून जाणार आहे. त्याने प्रवासाचा वेळ कमी होईल आणि निश्चितही होईल. पण द्रुतगती मार्गावरून गाडी गावाजवळून जाते, गावात थांबत नाही. उतरण्याची जागा कुठे मिळते यावर सगळे अवलंबून आहे. शिवाय मार्गासाठी लागणारी जमीन आदिवासींची आहे. हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कायद्याने निर्बंध आहेत. रस्ता आल्यावर जमिनीचे भाव वाढतात आणि पळवाटाही वाढतात, हा इतर भागांतील अनुभव आहे.

जगातील बंदरे काय शिकवतात?

ज्या शहरांकडे क्रूझ भरभरून आल्या, त्यांनी नंतर दार अर्धे लावायला सुरुवात केली. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या मध्यातून मोठी जहाजे जाण्यास बंदी घातली. क्रोएशियातील डुब्रोव्हनिकने जुन्या शहरातील गर्दी आवरण्यासाठी दिवसाला दोनच मोठी जहाजे घेण्याचे धोरण स्वीकारले. तक्रार सगळीकडे सारखीच आहे. हजारो माणसे एकाच वेळी येतात, चार तास गर्दी करतात, फारसा खर्च न करता जहाजावर जेवायला परत जातात.

एखाद्या पाड्यावर चाळीस माणसांची बस येऊन अर्धा तास तारपा नाच पाहून गेली, तर गावाला मिळते ते नाचाचे मानधन आणि उरतो तो प्लास्टिकचा कचरा. शिवाय तारपा भाताच्या हंगामाशी जोडलेला आहे. बसच्या वेळेनुसार तो वाजू लागला की तो उत्सव राहत नाही, खेळ होतो. पोहोचत नाहीत म्हणून क्रूझच्या बस जव्हारचा तोटाच करतात, असे म्हणूनच सरसकट म्हणता येत नाही.

मग जव्हार-मोखाड्याने कोणत्या पर्यटकाकडे पाहावे?

एका दिवसाच्या थांब्याचा प्रवासी सोडून द्यावा लागेल. त्याऐवजी तीन गट आवाक्यात आहेत. पहिला, मुंबई हे ज्यांचे मूळ बंदर आहे असा प्रवासी. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून येणारी अशी माणसे सफरीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन दिवस मुंबईत काढतात. त्यांना जहाज सुटण्याची भीती नसते. एक रात्र जव्हारला आणि पुढे त्र्यंबकेश्वर-नाशिक असा कार्यक्रम त्यांना जमतो. दुसरा, मुंबई, ठाणे आणि नाशिकचा शनिवार-रविवारचा पर्यटक. पावसाळ्यात तो आजही येतो, धबधब्यावर भिजून संध्याकाळी परततो. तो एक रात्र राहिला तरी गावाचे उत्पन्न बदलते. तिसरा, कलेसाठी येणारा. चार दिवस राहून वारली चित्रकला किंवा मुखवटे शिकणारे विद्यार्थी संख्येने थोडे असतात, पण प्रत्येक जेवणाचे आणि शिकवणीचे पैसे गावातच देतात.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावात पर्यटकांना गावकऱ्यांच्या घरी ठेवण्याचा प्रयोग झाला आहे. शेतावर जाणे, चुलीवरचे जेवण, चित्रे काढणे असे त्याचे स्वरूप. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. मात्र त्यातील नोंदणी, परवानग्या आणि कर्ज यांची वाट जमिनीचा सातबारा नावावर असलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या शेतकऱ्यासाठी सोपी आहे. वनहक्काच्या पट्ट्यावर राहणाऱ्या कुटुंबाला ती कशी वापरता येईल, हे ग्रामसभा आणि प्रशासन यांनी मिळून ठरवावे लागेल.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणासाठी देशभर पोहोचवले. तेव्हापासून या भागात योजना खूप आल्या. पर्यटनही आणखी एक योजना ठरू नये, असे वाटत असेल तर किती पर्यटक आले हा आकडा पुरेसा नाही. दिवाळीनंतर गावात किती कुटुंबे राहिली, हा आकडा दरवर्षी तपासावा लागेल. बॅलार्ड पिअरवर किती जहाजे लागली त्यापेक्षा मोखाड्याच्या लोकांना त्याच आकड्याचे महत्त्व अधिक आहे.